चांदीच्या डबीवरचे किल्ले आणि कवींची घरे
जुन्या चांदीच्या छोट्या वस्तू : लेखांक ५

मागच्या लेखात तपकिरीच्या डब्या पाहिल्या. त्याच कारागिरांच्या हातची, पण चपटी आणि तळहाताएवढी आणखी एक वस्तू आहे : भेटीची कार्डे ठेवायची डबी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात कोणाकडे गेले की आधी नोकराजवळ नावाचे कार्ड द्यायचे, असा शिरस्ता होता. आपण जातीने येऊन गेलो हे कळावे म्हणून कार्डाचा कोपरा दुमडत. बायकांची कार्डे पुरुषांच्या कार्डांपेक्षा मोठी असत, त्यामुळे त्यांच्या डब्याही मोठ्या. चित्राला जागा मिळाली ती तिथे.

या डब्यांचे माहेर बर्मिंगहॅम. मॅथ्यू बोल्टन या उद्योजकाच्या खटपटीने 1773 साली तिथे चांदी पारखणारी कचेरी सुरू झाली आणि धंदा फोफावला. 1830 नंतरच्या वीस-तीस वर्षांत नॅथॅनियल मिल्स, जोसेफ विलमोर, टेलर अँड पेरी यांनी उठावाच्या इमारतींच्या डब्या बाजारात आणल्या. संग्राहक त्यांना ‘कॅसल-टॉप’ म्हणतात.

पोलादी ठशात इमारत उलटी कोरलेली असे. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून वरून जड वजन सोडले की बुरूज, कमानी, झाडे पत्र्यावर उठून येत. मग कारागीर छिन्नीने खिडक्या, पाने, ढग रेखून काढी. म्हणून एकाच ठशातून निघालेल्या दोन डब्याही बारकाईने पाहिल्यास अगदी सारख्या नसतात. हे हातकाम खरे पाहण्यासारखे आहे.

इमारतींची निवड मोठी बोलकी. विंडसरचा राजवाडा असणारच, सेंट पॉल कॅथेड्रलही. पण त्यांच्या जोडीला वॉल्टर स्कॉटचे अ‍ॅबट्सफर्ड आणि बायरनच्या घराण्याचे न्यूस्टेड अ‍ॅबी हीही मोठ्या हौसेने घेतली जात. स्कॉट 1832 साली वारला आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे घर लोकांना पाहायला खुले झाले. पडक्या केनिलवर्थ किल्ल्याला तर स्कॉटच्या 1821 च्या कादंबरीने नवी कीर्ती दिली होती. राजाच्या वाड्याशेजारी लेखकाचे घर चांदीत उठवावेसे वाटणारा हा वाचकवर्ग होता, आणि आगगाडीने त्याचा प्रवास सोपा केला होता. लंडनच्या 1851 च्या जागतिक प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेसही लगोलग डब्यांवर आला.

मुंबईतही इंग्रज गिऱ्हाइकांसाठी कार्डाच्या डब्या बनत, पण त्या चंदनाच्या आणि हस्तिदंती जडावाच्या. तो वेगळा विषय.

जुनी डबी हाती आली तर झाकण उघडून आतले शिक्के पाहावेत. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, चालता सिंह म्हणजे शुद्धतेची ग्वाही, एक अक्षर सालाचे, आणि कारागिराची आद्याक्षरे. 1890 पर्यंतच्या मालावर कर भरल्याची खूण म्हणून राजा वा राणीचे मस्तकही असते. साध्या डबीवर मागाहून इमारत बसवून किंमत वाढवण्याचे प्रकार घडतात. त्यासाठी चित्राच्या कडेने डाग दिल्याची रेघ दिसते का, हे भिंगाखाली तपासावे लागते.