चिन्ह लहान, खटाटोप मोठा

लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो की नव्या पतपेढीचे बोधचिन्ह असो, चित्रकाराकडे जाताना आपण एक वाक्य हमखास बरोबर नेतो : "काहीतरी छानसे करून द्या हो!" आता या 'छानसे'चा अर्थ त्या बिचाऱ्याने काय लावावा? गिऱ्हाइकाच्या मनात मोर नाचत असतो आणि चित्रकार कमळ काढून मोकळा होतो. मग चार खेपा, दोन रुसवे आणि शेवटी "वेळ फुकट गेला" हा उभयपक्षी निष्कर्ष!

वास्तविक असे काम पेन्सिलीने सुरू होतच नाही. ते प्रश्नांनी सुरू होते. हे चिन्ह कोण पाहणार? रस्त्यापलीकडून पाहणार, की हातातल्या पावतीवर? पाहून त्याच्या मनात काय यावे? याची उत्तरे चित्रकाराजवळ नसतात. ती गिऱ्हाइकानेच द्यायची असतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या खिशातच आहे. डॉलर, पौंड, येन यांना स्वतःची चिन्हे होती; आपला रुपया मात्र २०१० पर्यंत 'रु.' अशा आद्याक्षरांवरच दिवस काढीत होता. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका या शेजाऱ्यांच्या नाण्याचे नावही रुपयाच! तेव्हा २००९ साली केंद्रीय अर्थखात्याने खुली स्पर्धा जाहीर केली. येथे गिऱ्हाईक साक्षात सरकार; पण ते 'छानसे' म्हणून थांबले नाही. चिन्हात देशाची संस्कृती दिसावी आणि ते संगणकाच्या कळफलकावर सामावावे, अशा अटी त्याने घातल्या. तीन हजारांहून अधिक चिन्हे आली. त्यांतून पाच निवडली गेली आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने उदयकुमार या तामिळ तरुणाच्या चिन्हावर पसंतीची मोहोर उमटवली. ते त्या वेळी पवईच्या आय. आय. टी.त अक्षररचनेवर संशोधन करीत होते. बक्षीस होते अडीच लाख रुपयांचे.

त्या चिन्हाकडे जरा निरखून पाहा. देवनागरीतला 'र' त्यात आहे आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन 'आर'ही आहे. डोक्यावर आपली शिरोरेषा, तिच्याखाली दुसरी आडवी रेघ. या दोन रेघांत कोणाला तिरंग्याचा भास होतो, तर कोणाला समतेचे बरोबरीचे चिन्ह दिसते. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला शिरोरेषेचे अधिक कौतुक! आपली अक्षरे या रेघेला लोंबकळत असतात. ती रेघ ओढताच चिन्ह भारतीय झाले. आणि मुख्य म्हणजे, चार फटकाऱ्यांत ते भाजीवालाही पाटीवर लिहू शकतो.

निवड झाली म्हणजे काम संपले, असेही नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड या जागतिक लिपिसंचात चिन्हाला जागा मिळाली. २०११ साली ते नाण्यांवर आले. मग हळूहळू कळफलकांवर. चिन्ह काढणे आणि ते व्यवहारात रुळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरगुती कामालाही हाच क्रम लागू आहे. आधी गरज चार ओळींत लिहून काढा. किती कच्चे आराखडे मिळतील, किती वेळा दुरुस्ती होईल, मोबदला किती आणि काम केव्हा हाती येईल, हे आरंभीच ठरवा. आराखडे समोर आले की रंगांनी भुलू नका. चिन्ह आधी काळ्या शाईत आणि नखाएवढ्या आकारात पाहा. तेथे जे ओळखू येते, ते पाटीवरही शोभते. नापसंत असेल तर "मजा नाही आली" म्हणू नका. काय खटकले ते सांगा. आणि घरातल्या दहाजणांचे दहा सल्ले चित्रकाराच्या गळ्यात मारण्यापेक्षा, एकाने सर्वांच्या वतीने बोलावे.

पाडव्याच्या मुहूर्तावर कोणी नवे दुकान थाटणार असेल, तर त्याने एवढे जरूर करावे. चांगला चित्रकार मिळणे हा नशिबाचा भाग असेल. चांगले गिऱ्हाईक होणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.