इन्सुलिनचे पेन मिळेनासे झाले, तर?

‘वरूनच माल येत नाही’ असे औषधवाल्याने सांगितले, की घरातली बुजुर्ग मंडळी घाबरून जातात. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव शेजारी असूनही हे उत्तर आम्हा सांगलीकरांना चुकलेले नाही.

काही औषधे सरकारच बंद करते. जून २०२३ मध्ये १४ मिश्र औषधांवर बंदी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. दोन-तीन औषधे एकाच गोळीत घालण्याला वैद्यकीय आधार नाही, हे कारण. अशी गोळी गेली तर जाऊ द्यावी.

पण चांगले औषधही बंद होते. २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने मिक्स्टार्ड, ॲक्ट्रापिड या इन्सुलिनची पेन भारतातून काढून घेण्याचे ठरवले. बाटल्या मात्र चालू ठेवल्या. औषधात दोष नव्हता. कंपन्यांचा ओढा आता वजन उतरवणाऱ्या महागड्या इंजेक्शनांकडे आहे, आणि माझ्या मते खरे गणित तिथेच आहे. अत्यावश्यक यादीतले औषध बंद करायचे तर सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी, असे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश सांगतो. ती सूचना आपल्या अम्मी-अब्बांपर्यंत पोहोचते कुठे?

खरा धोका पुढे आहे. पेनमधल्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत ४०. सिरिंजही वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने तेवढेच ओढले, तर ५० युनिट जातात! साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. रोजा असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून हा बदल रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून करून घ्यावा. सहरी आणि इफ्तारचा डोस तेच ठरवतील.

‘हे डुकरापासून तर नाही ना?’ असे आजही विचारले जाते. पूर्वी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत. आजचे ‘ह्यूमन’ इन्सुलिन यीस्ट किंवा जिवाणूंकडून तयार करून घेतात.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या पेनचा खोका सोबत न्यावा. नव्या चिठ्ठीवर इन्सुलिनचे नाव, युनिट आणि सिरिंज कोणती, हे तिन्ही लिहून घ्यावे. पहिला डोस घरातल्या जाणत्या माणसासमोर भरावा.