दोर सोडण्याची शिस्त

पोहणें एकदां आलें कीं जन्मांत विसरत नाहीं, असें वडील मंडळी सांगतात. इंजिनावांचून उडणाऱ्या विमानाच्या, म्हणजे ग्लायडरच्या, बाबतींत मात्र हा भरंवसा घातक ठरतो.

इंग्लंडांत हिवाळ्यांत ग्लायडरचीं उड्डाणें मंदावतात व वसंतांत वैमानिक पुन्हां मैदानावर जमतात. पुष्कळ ठिकाणीं दूरवर ठेवलेल्या यंत्राच्या रहाटावर दोर वेगानें गुंडाळून ग्लायडर वर ओढतात. मिनिटाच्या आंत तो हजार फूट चढतो; चुकल्यास विचाराला अवधि नसतो. जमिनीवर धांवतांना एक पंख कलून गवतास टेकला, तर क्षणार्धांत ग्लायडर उलटूं शकतो. म्हणून हात दोर सोडण्याच्या मुठीवरच ठेवावा, आणि पंख तोलतां येत नाहीं असें दिसतांच, तो टेकण्यापूर्वींच, दोर सोडावा. चढतांना दोर तुटला, तर प्रथम नाक खालीं करून पुरेसा वेग येऊं द्यावा. वळण्याचा विचार त्यानंतर.

ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशननें २००५ सालीं याच शिकवणुकीची मोहीम हातीं घेतली, आणि पुढील वर्षांत दोरानें उड्डाण करतांना होणारे प्राणघातक अपघात पुष्कळच घटले.

मुरलेल्या वैमानिकानेंहि हंगामाच्या आरंभीं शिक्षकास सोबत घेऊन ही तालीम करावी. आरंभलेलें उड्डाण सोडून देण्यांत कमीपणा वाटतो, आणि तोच घात करतो, असें आम्हांस वाटतें. वाचकांच्या घरांतील एखाद्या तरुणानें हा छंद धरला, तर वडिलांनीं त्यास अडवूं नये. यंदाची तालीम झाली काय, एवढें मात्र अवश्य विचारावें.