मिसाएचा राग: शिनचॅनच्या आईकडे तत्त्वज्ञानाच्या नजरेतून

आज आपल्याला रागाविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात रागाचं उदाहरण म्हणून सहसा ट्रोजन युद्धातल्या अकिलीजला उभं करतात. आम्ही आज एका गृहिणीला उभं करणार आहोत. तिचं नाव मिसाए नोहारा. वय एकोणतीस. जपानच्या सैतामा प्रांतातल्या कासुकाबे या गावात ती राहते. नवरा हिरोशी टोकियोत नोकरीला, पाच वर्षांचा मुलगा शिन्नोसुके, तान्ही मुलगी हिमावारी, शिरो नावाचा पांढरा कुत्रा, आणि घराच्या कर्जाचे न संपणारे हप्ते. हिंदीतून ही मालिका पाहिलेल्यांना ती 'मित्सी' म्हणून माहीत असेल. होय, 'शिनचॅन'ची आई!

काही जण हसले. हसा, हरकत नाही. पण आपण नेमकं कशाला हसतो, हाच आजचा प्रश्न आहे.

आधी थोडी माहिती घेऊ. योशितो उसुई या चित्रकथाकारांनी १९९० साली 'क्रेयॉन शिनचॅन' लिहायला-काढायला सुरुवात केली, ती एका साप्ताहिकात. आणि हे लक्षात घ्या, ते साप्ताहिक मोठ्या माणसांसाठी होतं, मुलांसाठी नव्हतं. १९९२ मध्ये त्याची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि मग मुलांनी ती आपली केली. म्हणजे मुळात हा विनोद थकलेल्या आईबापांनी वाचायचा होता. त्यात ते स्वतःला बघत होते. तोच विनोद पुढे मुलं खालून वर बघावं तसा बघू लागली. एकाच स्वयंपाकघराकडे दोन उंचींवरून पाहणं चाललं आहे. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. जपानमध्ये बाहेरून घरी आलेला माणूस दारातच 'तादाइमा' म्हणतो, म्हणजे 'मी आलो'. घरातला माणूस 'ओकाएरी' म्हणतो, म्हणजे 'आलास? ये'. शिनचॅन काय करतो? बाहेरून येतो आणि स्वतःच 'ओकाएरी' म्हणतो! मिसाए आतून ओरडते की अरे, 'तादाइमा' म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीस वर्षांहून अधिक काळ हे चाललं आहे.

आपल्याकडे निघताना पोर 'जातो' म्हणालं की आजी लगेच टोकते, 'जातो नाही रे, येतो म्हणावं.' अर्थाने पाहिलं तर पोर बरोबर आहे, ते जातंच आहे. पण आजी व्याकरण शिकवत नसते. या घराशी तुझं नातं काय, ते शिकवत असते. मिसाएही तेच शिकवते. बाहेरून येणारा कोण, घरात वाट पाहणारा कोण, याची ती शिकवणी आहे. शिनचॅन शब्द बरोबर उच्चारतो, पण चुकीच्या जागेवरून. आणि ती जागा रोज नव्याने दाखवायचं काम आईकडे आहे.

जपानमध्ये 'मानझाई' नावाचा दोघांनी मिळून करायचा विनोदी प्रकार आहे. एक जण भलतंच बोलतो, त्याला 'बोके' म्हणतात. दुसरा त्याला टोकतो, तो 'त्सुक्कोमी'. आता गंमत बघा. टोकणारा नसेल तर भलतं बोलणं विनोदी राहत नाही, नुसतं भलतं उरतं. चूक ही चूक आहे, हे कुणीतरी म्हणावं लागतं, मग हसू येतं. नोहारांच्या घरात ही दुसरी भूमिका मिसाएची आहे. हशा शिनचॅनच्या नावावर जमा होतो, मेहनत मात्र मिसाएची. घरोघरी हेच असतं म्हणा!

आता रागाकडे वळू. ॲरिस्टॉटलने 'निकोमॅखियन एथिक्स'च्या चौथ्या भागात रागाचा विचार केला आहे. राग वाईट, असं तो सरसकट म्हणत नाही. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य रीतीने, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच वेळ राग येणं, याची तो स्तुती करतो. उलट, जिथे राग यायला हवा तिथेही ज्याला येत नाही, त्याच्यात त्याला उणीव दिसते. रागाच्या अतिरेकाचेही तो प्रकार पाडतो. काही माणसं चटकन भडकतात, पण तितक्याच चटकन विझतात. तेवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूची. काही मात्र राग आत मुरवतात आणि वर्षानुवर्षं बाळगतात. असे लोक स्वतःला आणि आपल्या जवळच्यांना फार जड जातात.

मिसाए कुठे बसते? उघडच पहिल्या गटात. सकाळी शिनचॅन रेंगाळतो, बालवाडीची बस निघून जाते, ती त्याला सायकलवर घालून दामटते आणि वाटभर बडबडते. तो परक्या माणसांसमोर तिचं वय, तिचं वजन, तिचं बद्धकोष्ठ, सगळं जाहीर करून टाकतो. ती पेटते. पण रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात, तेव्हा राग संपलेला असतो. मिसाए डूख धरत नाही.

आणखी एक गोष्ट. ती जे नियम मुलाला सांगते, ते तिलाच पाळता येत नाहीत. लवकर ऊठ म्हणते आणि स्वतः झोपून राहते. पैसे जपून वापर म्हणते आणि सेलची पाटी दिसली की धावते. वजन कमी करायचा निश्चय दर थोड्या दिवसांनी मोडतो. नवऱ्यापासून लपवून चार पैसे बाजूला ठेवते. आपल्याकडे डाळीच्या डब्यात नोटा ठेवत, तसंच. शिनचॅन हे सगळं बघतो आणि बोलून दाखवतो. तिच्या रागात म्हणूनच थोडी चोरी पकडली गेल्याची लाजही असते. पण यामुळे ती ढोंगी ठरते का? आम्हाला तसं वाटत नाही. नियम तिच्यापेक्षा मोठा आहे आणि त्यापुढे तीही मुलाइतकीच अडखळते, एवढंच त्यातून दिसतं.

आता मुख्य मुद्दा. पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' हा निबंध वाचला. दुसऱ्याकडे पाहण्याचे दोन पवित्रे त्याने वेगळे केले. एक सहभागी माणसाचा. त्यात राग, कृतज्ञता, दुखावणं, क्षमा हे सगळं येतं. दुसरा अलिप्त. त्यात समोरचा माणूस सांभाळायचा, हाताळायचा, सुधारायचा विषय होतो. कुत्र्याने चप्पल चावली तर आपण चप्पल उचलून ठेवतो. 'तू असं का वागलास?' हा प्रश्न आपण मनापासून विचारत नाही. रागात तो प्रश्न असतो. म्हणजेच रागात एक मान्यता दडलेली असते, की तू उत्तर देऊ शकणारा आहेस.

स्ट्रॉसन पुढे म्हणतो की लहान मुलं वाढवणाऱ्यांना यातला कुठलाच पवित्रा शुद्ध स्वरूपात घेता येत नाही. मूल अजून पुरतं जबाबदार नाही, पण तसं होऊ घातलं आहे. आई दिवसभर या दोहोंमध्ये ये-जा करते. क्षणात 'लहान आहे, कळत नाही त्याला', आणि क्षणात 'कळतं तुला सगळं!' मिसाएचा वैताग या ये-जा करण्याचा वैताग आहे. रागावते तेव्हा ती शिनचॅनला उद्याचा जबाबदार माणूस म्हणून आजच हाक मारत असते.

हे पटत नसेल तर २००१ चा चित्रपट पाहा. केइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला, मोठ्या माणसांच्या साम्राज्याविषयीचा. त्यात गावातली सगळी मोठी माणसं जुन्या दिवसांच्या ओढीने झपाटून पुन्हा मुलांसारखी वागू लागतात. मिसाएसुद्धा. घरात पसारा, जेवण नाही, आणि मुख्य म्हणजे शिनचॅनवर कुणी ओरडत नाही. मुलाला हवं ते करायला मोकळीक मिळाली! पण ते दृश्य भीतिदायक आहे. आईने रागावणं थांबवलं, कारण तिला त्याचं काही पडलेलंच नाही. मग शिनचॅन बापाला त्याच्याच बुटाचा वास देऊन शुद्धीवर आणतो. दिवसभराच्या वणवणीचा तो वास.

आता एक आक्षेप, आणि तो गंभीर आहे. मिसाए मारते. डोक्यावर मूठ बसते, टेंगूळ येतं, कानशिलांवर मुठी रगडल्या जातात. हेही आम्ही मान्य करायचं का?

नाही. राग ही मुलाला दिलेली मान्यता असेल, तर मार ती मान्यता लगेच काढून घेतो. 'तू असं का केलंस?' हा प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहणं म्हणजे मार. चित्रात टेंगूळ पुढच्या चौकटीत नाहीसं होतं, खऱ्या मुलाचं होत नाही. जपानने २०२० पासून आईवडिलांनी मुलांना शारीरिक शिक्षा करायला कायद्याने मनाई केली, ते योग्यच झालं. तेव्हा राग आणि मार यांची गाठ सोडवायला हवी. रागाची बाजू घेताना माराची वकिली करायचं कारण नाही.

पण तेवढ्यावर थांबून आईलाच दोषी धरणं सोपं आहे. ती एवढी चिडते का, हेही विचारा. हिरोशी संध्याकाळी उशिरा येतो. सासर अकितात, म्हणजे उत्तरेला. माहेर कुमामोतोत, पार दक्षिणेला. दिवसभर घरात ती, एक खट्याळ पोर आणि एक तान्हं. दोन माणसांना पुरून उरेल असं काम एकीच्या अंगावर आहे. आज जपानमध्ये दोघं कमावणारी कुटुंबं संख्येने पुढे गेली आहेत, पण कामाची ही वाटणी तिथे किंवा इथे आपोआप बदललेली नाही. रागाचं योग्य कारण कधीकधी समोरच्या मुलात नसतंच, घराच्या रचनेत असतं. आणि रचनेवर ओरडता येत नाही म्हणून ओरडणं मुलावर निघतं. ॲरिस्टॉटलची 'योग्य माणसावर' ही अट मोडते ती इथे.

आपल्याकडे २००६ च्या सुमारास ही मालिका आली, २००८ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि पुढे काटछाट होऊन ती परतली. मुलं शिनचॅनसारखी उलट बोलतील, ही पालकांची भीती होती. ती खोटी नव्हती. पण पडद्यावर शिनचॅन एकटा नसतो. त्याला टोकणारी, चुकणारी, थकणारी आणि रात्री पुन्हा वाढायला बसणारी एक बाईही असते. मुलांबरोबर बसून बघणार असाल, तर शिनचॅन कसा वागला हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: 'ती एवढी का चिडली असेल?' पाच-सहा वर्षांची मुलं याची फार नेमकी उत्तरं देतात. ऐकताना आपल्याला जरा अवघडल्यासारखं होईल, ते होऊ द्यावं.

त्या अवघडण्यालाच लाज म्हणतात. पुढच्या व्याख्यानात तिच्याविषयी बोलू.