खाडी, वाडी आणि डोंगर : आपल्या वसईची ओळख

दक्षिणेला उल्हास नदीची म्हणजेच वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, अशा चतुःसीमेत वसई तालुका वसलेला आहे. आपला धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. तो उत्तरेस डहाणू-तलासरीपर्यंत पसरला असला तरी बहुसंख्य भाविक या तालुक्यातच राहतात. म्हणूनच या भूमीची आणि तिच्यावर नांदणाऱ्या लोकांची ओळख करून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

ढोबळमानाने या भूमीचे तीन उभे पट्टे पडतात. पहिला पट्टा किनाऱ्याचा. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा येथे कोळी बांधवांची वस्ती आहे. तर गिरीज, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांत केळी, पानवेली, फुले व भाजीपाल्याच्या वाड्या आहेत. मधल्या पट्ट्यात खाजणे, मिठागरे आणि रेल्वेमार्ग. तिसरा पट्टा महामार्गापलीकडील डोंगराळ भागाचा असून तेथे वारली, कातकरी व इतर आदिवासींचे पाडे आहेत.

येथील समाजाची वीणही अशीच बहुरंगी आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी आणि आगरी हे येथले जुने रहिवासी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि पुढील दोन शतकांत येथे ख्रिस्ती धर्म रुजला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर राज्यकर्ते बदलले, परंतु श्रद्धा टिकली. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी हिंदू यांची बोली मात्र आजही एकाच कुळातील आहे. वाडवळांचेही तसेच. धर्म वेगळा झाला तरी शेत, विहीर आणि बोली सामाईक राहिली, हे आपण विसरता कामा नये. त्याही पूर्वीचा वारसा म्हणजे नालासोपारा. प्राचीन शूर्पारक ते हेच. येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले असून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. पुढे मुंबईत घर परवडेनासे झालेला नोकरदार वर्ग नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांभोवती स्थिरावला. २००९ साली चार नगरपरिषदा व अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे तीत असावीत की नसावीत, हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. कोकण, घाटमाथा, गुजरात, उत्तर भारत आणि दक्षिण भारत येथून आलेली कुटुंबे आज एकाच इमारतीत राहतात.

या वाढीचा भार प्रथम पाण्यावर पडला. किनारपट्टीत पावसाचे गोडे पाणी जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. प्रमाणाबाहेर उपसा झाला की खारे पाणी वर सरकते, विहीर मचूळ होते आणि वाडी सुकते. इमारतींसाठी गावच्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली, ती याच कारणासाठी. दुसरीकडे, खाजणे व मिठागरे म्हणजे पावसाचे पाणी सामावून घेणारी नैसर्गिक तळी. त्यांवर भराव पडला की पाणी वस्तीत शिरते. जुलै २०१८ च्या पुरात रेल्वे बंद पडली, तेव्हा गावकरी आणि चाळकरी दोघेही अडकले होते.

आमच्या धर्मग्रामांतही हे दोन प्रवाह दिसतात. एकाला वाटते, बाहेरच्यांनी गाव बुडवले. दुसऱ्याला वाटते, गावकरी आपल्याला जवळ करीत नाहीत. वस्तुतः चाळीतल्या कुटुंबाने विहीर आटवली नाही. त्यालाही पाणी विकतच घ्यावे लागले. आपली जमीन विकून इमारतीला वाट करून देणारे हात आपल्याच गावचे होते, हेही प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. विहिरींची साफसफाई, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण आणि ओढे-नाले मोकळे ठेवणे ही कामे गावकरी व नवागत यांनी एकत्र येऊन करावयाची आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील विहिरी मोजून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.