सेवानोंदीतील चूक आणि तिची दुरुस्ती

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाची ओळख दोन ठिकाणी नांदत असते. एक ओळख त्याच्या घरात, गल्लीत आणि नातेवाइकांत असते. दुसरी ओळख दूरच्या एखाद्या छावणीतील दफ्तरात, कागदावर असते. निवृत्तिवेतन, पदके, रुग्णालयातील उपचार, मुलांच्या सवलती आणि पुढे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन या साऱ्यांचा आधार ही दुसरी ओळख होय. या दोन ओळखींत एका अक्षराचा फरक पडला, तरी गावाने ओळखलेल्या माणसाला कार्यालय ओळखीनासे होते.

छत्तीसगढमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. विदर्भाशी या भागाचे नाते जुने आहे. येथे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, तशीच सैन्यात गेलेल्यांची कुटुंबेही आहेत. कारगिल युद्धात १९९९ मध्ये वीरगती प्राप्त झालेले आणि मरणोत्तर वीरचक्राने गौरविले गेलेले नायक कौशल यादव याच शहराचे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत गट 'क'च्या साडेचौदा टक्के आणि गट 'ड'च्या साडेचोवीस टक्के जागा माजी सैनिक व वीरगती पावलेल्यांच्या अवलंबितांसाठी राखीव असतात. म्हणजे भिलाईसारख्या शहरात सैनिकाची सेवानोंद पुन्हा एकदा, दुसऱ्या नोकरीच्या दारातही तपासली जाते.

ही नोंद तयार होते ती भरतीच्या दिवशी. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, अंगावरील ओळखखूण, शरीराची तपासणी हे सर्व त्या दिवशी लिहिले जाते. अधिकाऱ्यांखेरीज इतर सैनिकांच्या या मूळ दस्तऐवजास 'शीट रोल' म्हणतात. त्यानंतर सैनिकाच्या आयुष्यात जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, शिक्षा, विवाह, अपत्यजन्म, जखम, पदक, त्याची सूचना त्याची पलटण एका आदेशाद्वारे अभिलेख कार्यालयास कळविते. सैनिकी भाषेत या आदेशाला 'पार्ट टू ऑर्डर' असे नाव आहे. घटना घडली पण असा आदेश निघाला नाही, तर कागदाच्या दृष्टीने ती घटना घडलीच नाही. निवृत्तीच्या वेळी या सर्वांचा गोषवारा 'डिस्चार्ज बुक'मध्ये उतरवून सैनिकाच्या हाती दिला जातो. निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे 'पीपीओ', हा निराळा कागद. तोही त्याच नोंदींवरून तयार होतो.

अभिलेख कार्यालये रेजिमेंटनुसार असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावी येथे, महार रेजिमेंटचे सागर येथे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठी येथे, तर तोफखान्याचे नाशिक रोड येथे आहे. निवृत्त सैनिक भिलाईत राहत असला, तरी त्याचे कागद त्याच्या रेजिमेंटबरोबरच राहतात. ही गोष्ट न कळल्यामुळे पुष्कळ जण चुकीच्या दारी हेलपाटे घालतात.

चुका होतात कशा, हे पाहिले तर दोष क्वचितच एका माणसाचा असतो. खेड्यातील अठरा वर्षांचा मुलगा आपले नाव तोंडी सांगतो. लिहिणारा कारकून दुसऱ्या प्रांताचा असतो आणि लिहितो इंग्रजीत. जाधवचा यादव होतो, विठोबाचा बिठोबा होतो. मराठी रीतीने नावाच्या मध्यभागी असलेले वडिलांचे नाव कधी आडनावाच्या जागी बसते, तर कधी गळून पडते. गावांच्या नावांचे तर विचारूच नये. जुन्या इंग्रजी कागदांत दुर्गचे स्पेलिंग 'डी-आर-यू-जी' असे आढळते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या भरतीच्या कागदांवर राज्य मध्यप्रदेश असेच आहे. पुढे २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. गाव जागचे हलले नाही. पत्ता मात्र दोनदा बदलला.

मराठी कुटुंबांत आणखी एक गुंता आहे आणि तो सर्वांत जास्त त्रासाचा ठरतो. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे दीर्घकाळ होती. आडनाव बदलतेच, पण कित्येक घरांत तिचे स्वतःचे नावही नवे ठेवले जाई. सैनिकाने पलटणीत विवाहाची नोंद करताना माहेरचे नाव सांगितले आणि शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र व आधारपत्रिका सासरच्या नावाने झाली, तर तीस वर्षे कोणाच्या काही लक्षात येत नाही. पती हयात असेपर्यंत निवृत्तिवेतन त्याच्या खात्यात जमा होत राहते. तो गेल्यावर मात्र त्याच्या पत्नीला, आपणच ती कागदावरची स्त्री आहोत, हे सिद्ध करावे लागते. ज्या वेळी घरात पैशाची निकड सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी हे घडते. विवाहाची नोंदच झालेली नसेल, तर अडचण याहून मोठी. म्हणून पत्नीच्या नावाची व जन्मतारखेची तपासणी पती हयात असताना करून घेणे, हे या सगळ्या विषयातील सर्वांत निकडीचे काम आहे.

दुरुस्तीची वाट तशी सरळ आहे. लांब मात्र आहे. पहिले काम म्हणजे डिस्चार्ज बुक, पीपीओ, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारपत्रिका हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणे. कोणत्या कागदात काय आहे, हे निश्चित ठाऊक नसेल तर अर्ज कशाचा करायचा, हेच ठरत नाही. स्वतःच्या सेवानोंदीची प्रत अभिलेख कार्यालयाकडे मागता येते. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मागणी करता येते आणि त्या कायद्यानुसार सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवावा. हे कार्यालय दुरुस्ती स्वतः करीत नाही. परंतु अर्जाचा नमुना, जोडपत्रे आणि साक्षांकन यांबाबत त्याचे साहाय्य होते. नावातील फरकासाठी सामान्यतः दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र आणि पुराव्याचे कागद लागतात. फरक मोठा असेल तर वृत्तपत्रातील जाहिरात किंवा राजपत्रातील प्रसिद्धीही मागितली जाते. अर्जात सेना क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासह लिहावा. ते अक्षर शोभेसाठी नसते; क्रमांक बरोबर उतरला आहे की नाही, हे पडताळण्यासाठी असते.

अभिलेख कार्यालयाने दुरुस्ती मान्य केली म्हणजे काम संपले, असे मानणे चूक होय. ती दुरुस्ती प्रयागराज येथील संरक्षण लेखा विभागाच्या निवृत्तिवेतन कार्यालयाकडे जाऊन सुधारित पीपीओ निघावा लागतो. अलीकडे निवृत्तिवेतनाचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत आला आहे. संगणक कारकुनापेक्षा काटेकोर असतो. पूर्वी बँकेतील ओळखीच्या माणसाने समजून घेतलेला फरक तो समजून घेत नाही. त्यामुळे कित्येक जुन्या चुका या स्थित्यंतरात प्रथमच उजेडात आल्या.

जन्मतारखेचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तीवर निवृत्तीचा दिवस अवलंबून असतो. या चुकीपासून सेनाप्रमुखही सुटले नाहीत. जनरल विजयकुमार सिंह यांच्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जन्मवर्ष १९५१ होते, तर प्रबोधिनीच्या प्रवेश अर्जावर १९५०. सैन्याच्याच दोन शाखांनी ही दोन वेगळी वर्षे अनेक वर्षे जपून ठेवली. हा वाद २०१२ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रत्यक्ष जन्म कोणत्या दिवशी झाला हा प्रश्न आपल्यापुढे नाही, सेवानोंदीत कोणती तारीख मान्य झाली एवढाच प्रश्न आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. १० फेब्रुवारी २०१२ रोजी जनरल सिंह यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी १९५० हेच वर्ष धरून ते निवृत्त झाले. सेवेच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालये सहसा दाद देत नाहीत. आरंभीच्या ठरावीक मुदतीत हरकत घेतली नाही, तर नोंदलेली तारीख मान्य होती असेच धरले जाते.

पदकांच्या बाबतीत प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. काही पदके हक्काची असतात. ठरलेल्या काळात, ठरलेल्या क्षेत्रात सेवा केली की ती मिळतात. १९६५ च्या युद्धाचा समर सेवा स्टार, १९७१ च्या युद्धाचे पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार ही त्यांची उदाहरणे. तसेच दीर्घ सेवेचे पदक. असे पदक राहून गेले असेल, तर त्या काळात आपली पलटण कोठे होती आणि आपण तिच्यात होतो, एवढे नोंदीवरून दाखविले की मागणी करता येते. वीरचक्र किंवा सेना पदक यांसारखे शौर्य पुरस्कार मात्र हक्काने मागता येत नाहीत. त्यांसाठी कमान अधिकाऱ्याने त्याच वेळी शिफारस करावी लागते. ती वरिष्ठ मुख्यालयांतून तपासली जाऊन शासनाकडे जाते आणि प्रजासत्ताकदिनी वा स्वातंत्र्यदिनी पुरस्कार घोषित होतो. शिफारसच झाली नसेल, तर पुढे कित्येक वर्षांनी ती उभी करणे जवळजवळ अशक्य असते. हा नियम कठोर वाटतो. परंतु साक्षीदार हयात नसताना केवळ आठवणींवर शौर्याचा निवाडा करू नये, यात तथ्य आहे.

घोषित पुरस्कारातही चूक होऊ शकते. ४ जुलै १९९९ रोजी टायगर हिलवर अनेक गोळ्या लागूनही लढत राहिलेले १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र जाहीर झाले ते मरणोत्तर म्हणून. प्रत्यक्षात ते रुग्णालयात उपचार घेत होते. वीरगती पावले होते ते त्यांच्याच नावाचे दुसरे जवान. ही चूक लवकर सुधारली गेली. बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदर सिंह यांना मात्र अकरा वर्षे लढावे लागले. युद्धाच्या अहवालात आपल्या कामगिरीचे चित्र वरिष्ठाने विकृत केले, अशी त्यांची तक्रार होती. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याचा पूर्वग्रह मान्य करून त्यांच्या गोपनीय अहवालातील प्रतिकूल भाग काढून टाकण्यास सांगितले.

महाराष्ट्रातील उदाहरण निराळ्या जातीचे आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात जवान होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आले. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी मात्र त्या काळी मान्य झाली नाही. २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल. तथापि हायडेलबर्गची नोंद त्या स्पर्धेच्या दफ्तरात शाबूत होती, म्हणून अर्धशतकानंतरही कोणाला तिच्याविषयी शंका घेता आली नाही.

अभिलेख कार्यालयाने अर्ज नाकारला तर दाद मागण्यासाठी न्यायाधिकरण आहे. त्याची स्थापना २००७ च्या कायद्याने झाली आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. मध्यप्रदेश व छत्तीसगढ यांसाठी जबलपूर येथे खंडपीठ आहे. भिलाईच्या माजी सैनिकाने तेथे जायचे. अंतिम आदेशापासून सामान्यतः सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. निवृत्तिवेतनातील चूक दर महिन्याला पुन्हा घडत असल्याने उशिरा आलेल्यालाही दार बंद नसते. परंतु तरसेम सिंह यांच्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. पंधरा वर्षे गप्प बसलेल्या माणसाची बारा वर्षांची रक्कम गेली, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

कागदावर जे लिहिलेले नसते, तेही कधी सैनिकाच्या बाजूने बोलते. सिग्नल दलातील शिपाई धर्मवीर सिंह यांना अपस्माराच्या कारणावरून १९९४ मध्ये सेवेतून मुक्त केले गेले आणि हा आजार सेवेमुळे झालेला नाही, असे सांगून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. भरतीच्या वेळच्या तपासणीत अशा कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की, भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच गृहीत धरले पाहिजे. उलट सिद्ध करण्याचा भार शासनावर आहे. त्यांना निवृत्तिवेतन मिळाले.

मूळ कागदच नष्ट झाला तर काय, हा प्रश्न उरतो. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील अभिलेखागारास आग लागली आणि सुमारे एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या नस्त्या जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती ठेवलेल्या नव्हत्या. तेव्हापासून तेथील कर्मचारी वेतनपट, रुग्णालयांची टिपणे आणि सैनिकांच्या घरी राहिलेले सेवामुक्तीचे कागद जुळवून त्या नोंदी पुन्हा उभ्या करीत आहेत. ज्यांच्या पेटीत तो एक कागद सांभाळून ठेवलेला होता, त्यांचे काम सर्वांत लवकर झाले.