पाणी शुद्ध करणारा प्रकाश : शक्यता आणि मर्यादा

पाण्यातील गाळ गाळून काढता येतो, जंतू क्लोरीनने मारता येतात. परंतु विरघळलेले कापडरंग, कीटकनाशके आणि औषधांचे अंश या उपायांना सहसा दाद देत नाहीत. सक्रिय कोळसा त्यांतील बरेच अंश शोषून घेतो खरा, मात्र तेव्हा प्रदूषण नष्ट होत नाही. ते पाण्यातून कोळशात जाते. ते मुळातूनच मोडून काढण्याचा मार्ग म्हणून शास्त्रज्ञ प्रकाश-उत्प्रेरकांकडे पाहतात.

अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होते, हे दाखवून दिले. भिंतींच्या पांढऱ्या रंगात वापरला जाणारा हाच तो पदार्थ. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक व बार्ड यांनी त्याच्याच पुडीने पाण्यातील विषारी सायनाइडचे रूपांतर घडवून आणले.

या पदार्थावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन उसळून वर जातो आणि त्याच्या जागी धनप्रभारित पोकळी उरते. ही पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. अत्यंत क्रियाशील असे हे मूलक सेंद्रिय रेणू तोडत जातात. प्रक्रिया पूर्ण झाल्यास मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरतात. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही.

अडचण प्रकाशाचीच आहे. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार ते पाच टक्के असतो. म्हणून त्यात नायट्रोजन मिसळणे, किंवा कार्बन नायट्राइड, बिस्मथ व्हॅनाडेट यांसारखे दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ घडवणे, असे प्रयत्न सुरू आहेत. इलेक्ट्रॉन व पोकळी क्षणार्धात पुन्हा एकत्र येतात, तेही रोखावे लागते. शिवाय बारीक पूड पाण्यातून परत काढणे कठीण असल्याने ती काचेवर बसवली जाते. पण मग पाण्याशी तिचा संपर्क घटतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तर प्रकाश खोलवर शिरतच नाही.

सर्वांत मोठी सावधगिरी निराळीच आहे. प्रक्रिया अर्धवट राहिल्यास मधल्या टप्प्यात मूळ द्रव्याहूनही घातक संयुगे उरू शकतात. पाण्याचा रंग गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. म्हणूनच नव्या उत्प्रेरकाची खरी कसोटी पाणी किती लवकर स्वच्छ दिसते यावर नव्हे, तर त्यात शेवटी काय उरते यावर ठरते.